पुडीतले यीस्ट आणि मडक्यातला गुन्हा

'गावठी दारूच्या अड्ड्यावर छापा, शेकडो लिटर रसायन जागीच नष्ट.' ही बातमी वाचली नाही असा वाचक महाराष्ट्रात सापडायचा नाही. गाव बदलते, लिटरचा आकडा बदलतो, मजकूर तोच राहतो. आरोपी बऱ्याचदा एखादी बाई असते. तिची वस्ती तांड्याची, पाड्याची, नाहीतर झोपडपट्टीची असते. 'रसायन' हा शब्द वाचून सुशिक्षित माणसाला वाटते की तिथे विषाचा कारखानाच चालला होता! प्रत्यक्षात ते रसायन म्हणजे पाण्यात आंबत ठेवलेला गूळ किंवा मोहफुले. विदर्भात त्याला सडवा म्हणतात. त्या सडव्यात यीस्ट नावाचा डोळ्यांना न दिसणारा एकपेशीय जीव साखर खात असतो आणि मद्यार्क व वायू बाहेर टाकत असतो. इराण्याच्या बेकरीतला पाव फुगतो तो याच जिवामुळे.

आता नाण्याची दुसरी बाजू बघा. पुणे, मुंबई, बंगळूरच्या सुखवस्तू घरांत गेल्या काही वर्षांत घरच्या घरी बिअर आणि वाइन बनवण्याचा छंद रुजला आहे. त्यासाठी परदेशी यीस्टची पुडी मिळते, साधारण ११ ग्रॅमची. एका पुडीत वीसेक लिटरचा घाणा निघतो. ही पुडी वापरण्याचे एक शास्त्र आहे आणि छांदिष्ट मंडळी ते मोठ्या श्रद्धेने पाळतात. पाणी उकळून कोमट होऊ द्यायचे. पुडीतले दाणे त्यावर भुरभुरायचे. पंधरा-वीस मिनिटे हलवायचे नाही. पाणी फार गरम असले तर जीव मरतो, फार गार असले तर नीट जागा होत नाही. ज्यांना आणखी हौस असते ते एक दिवस आधी 'स्टार्टर' लावतात. म्हणजे मोड आणलेल्या जवाच्या अर्काचे पाणी उकळून, गार करून त्यात थोडे यीस्ट सोडायचे, अधूनमधून बरणी हलवायची, पेशींची संख्या वाढू द्यायची आणि मग ते मोठ्या भांड्यात ओतायचे. सगळी भांडी निर्जंतुक हवीत, नाहीतर दुसरेच जंतू घुसतात आणि सगळे आंबट होते. यातले एकही वाक्य चुकीचे नाही. शास्त्र म्हणून ते उत्तमच आहे. प्रश्न इतकाच आहे की हेच काम पाड्यावरची बाई करते तेव्हा ते शास्त्र का राहत नाही?

ती काय करते ते जरा नीट पाहू. झारखंड, ओडिशा, पश्चिम बंगालमधल्या संथाळ, मुंडा, उरांव घरांत भातापासून हंडिया नावाचे पेय बनते. त्यासाठी लागणाऱ्या यीस्टच्या गोळीला रानू म्हणतात, काही भागांत बाखर म्हणतात. तांदूळ भिजवून कुटायचे. रानातून आणलेली मुळे, साली, पाने वाळवून त्यांची पूड त्या पिठात मिसळायची. कोणती झाडे, किती प्रमाणात, हे गावागावांत वेगळे असते आणि ते प्रामुख्याने बायकांनाच ठाऊक असते. पीठ मळून लहान गोळ्या वळायच्या, त्यांवर आधीच्या खेपेच्या जुन्या गोळीची पूड भुरभुरायची, भाताच्या पेंढ्यावर मांडून झाकून ठेवायच्या. दोन-तीन दिवसांत त्यांवर पांढरी बुरशी धरते, गोळी फुगते, विशिष्ट वास सुटतो. मग उन्हात कडक वाळवून ठेवल्या की महिनोन्महिने टिकतात. जुन्या गोळीची पूड नव्या गोळीवर टाकणे म्हणजे कालच्या दह्याचे विरजण आजच्या दुधाला लावणे. शहरातला छांदिष्ट भांड्याच्या तळाशी बसलेले यीस्ट धुऊन पुढच्या घाण्यासाठी फ्रिजमध्ये ठेवतो, तो यापेक्षा वेगळे काही करत नाही.

उलट त्या गोळीतले शास्त्र पुडीपेक्षा अवघड आहे. यीस्टला साखर खाता येते, पिष्ट खाता येत नाही. तांदळात तर सगळे पिष्टच. युरोपने यावर उपाय काढला तो जवाला मोड आणण्याचा, कारण मोड येताना धान्य स्वतःच पिष्टाची साखर करू लागते. आशियातल्या शेतकरी-आदिवासी स्त्रियांनी दुसरा उपाय काढला. त्यांच्या गोळीत यीस्टबरोबर एक बुरशीही नांदते. बुरशी पिष्टाची साखर करते, यीस्ट त्या साखरेचे मद्य करते आणि दोन्ही कामे एकाच मडक्यात एकाच वेळी चालतात. फ्रेंच शास्त्रज्ञ आल्बेर काल्मेत सायगावला होता तेव्हा, १८९२ च्या सुमारास, त्याने तिथल्या तांदळाच्या अशाच गोळ्यांचा अभ्यास करून त्यातली बुरशी वेगळी काढली. त्यातून युरोपात धान्यापासून मद्यार्क काढण्याची एक नवी औद्योगिक पद्धत उभी राहिली. शास्त्रज्ञाचे नाव इतिहासात राहिले. गोळ्या वळणाऱ्या बायकांचे कोणी विचारलेही नाही.

युरोपात मात्र स्वतःच्या यीस्टची कहाणी कौतुकाने सांगतात. डेन्मार्कचा बिअर कारखानदार याकोबसेन १८४५ साली जर्मनीतल्या म्युनिचहून यीस्ट घेऊन निघाला, तेव्हा घोडागाडी जिथे जिथे थांबेल तिथे तिथे भांड्यावर थंड पाणी ओतत त्याने ते जीव कोपनहेगनपर्यंत जिवंत नेले. पुढे त्याच कार्ल्सबर्ग कारखान्याच्या प्रयोगशाळेत एमिल हान्सेन या शास्त्रज्ञाने १८८३ साली यीस्टची एकच पेशी वेगळी करून तिच्यापासून शुद्ध वाण वाढवला. हा हान्सेन कादंबऱ्या लिहून शिक्षणाचा खर्च भागवणारा माणूस! आणि कारखान्याने तो शोध तिजोरीत न ठेवता इतर कारखान्यांना मोकळा करून दिला. ज्ञान कुलुपात ठेवण्याची हजारो वर्षांची सवय असलेल्या देशात ही गोष्ट मुद्दाम सांगावी लागते.

आपल्याकडे काय झाले? इंग्रजांच्या आधी डोंगराळ भागातले लोक मोह गोळा करत, आंबवत, गाळत आणि सणासुदीला पीत. त्यात सरकारचे काही बिघडत नव्हते आणि सरकारला काही मिळतही नव्हते. हे दुसरे इंग्रजांना खटकले. १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्याने दारू गाळणे सरकारी मक्त्याच्या ताब्यात गेले. तेवढ्याने भागले नाही म्हणून १८९२ साली खास मोहाचा कायदा आला आणि ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहफुले घरात साठवण्यावर बंधने आली. फूल जंगलात पडणार, ते उचलणारा गुन्हेगार ठरणार! आदिवासींना मग मक्तेदाराच्या दुकानातून विकत पिणे भाग पडले. उधारी, कर्ज, जमीन गहाण आणि शेवटी जमिनीवर पाणी, हा क्रम तिथून सुरू झाला. घरचे मडके फोडले ते लोकांची व्यसने सोडवण्यासाठी नव्हे, महसुलासाठी, ही गोष्ट आबकारीचा इतिहास वाचणाऱ्या कोणाच्याही लक्षात येईल.

आणि दारू सोडली ती आदिवासींनी स्वतः! १९२२ साली पालघरच्या किनाऱ्याकडून सुरतेच्या डोंगरापर्यंत देवीची चळवळ पसरली. हजारो आदिवासींनी दारू-ताडी सोडण्याच्या शपथा घेतल्या. मक्तेदाराच्या दुकानात जाणे बंद केले, त्याच्या शेतावर राबणेही नाकारले. मक्तेदार हवालदिल झाले. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी या चळवळीवर अख्खे पुस्तक लिहिले आहे. ती सरकारच्या दंडुक्याने झालेली दारूबंदी नव्हती.

इथे चळवळीतला एखादा कार्यकर्ता मला अडवील. म्हणेल, बाबासाहेबांनी १९५६ साली नागपूरला बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यातली सतरावी दारू न पिण्याची. पंचशीलातले पाचवे शील तेच सांगते. मग आपल्या दैनिकात यीस्टच्या गोष्टी कशाला? रास्त प्रश्न आहे. प्रतिज्ञेत तसूभर सूट नाही आणि हा लेख ती मागतही नाही. दारूने आपल्या किती वस्त्या खाल्ल्या हे या पानाच्या वाचकाला सांगण्याची गरज नाही. परंतु दारूबद्दल बाबासाहेबांनी जे सांगितले त्याचा अर्धाच भाग आपण पाठ केला आहे.

१९२७ च्या डिसेंबरात महाडला त्यांनी स्त्रियांना सांगितले की नवरा किंवा मुलगा दारू पिऊन आला तर त्याला जेवू घालू नका. हे झाले घराच्या उंबऱ्याच्या आतले. १९५१ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा निवडणूक जाहीरनामा आला. त्यात सरकारी दारूबंदीला सरळ विरोध आहे. त्यामागची कारणे आजही वाचण्यासारखी आहेत. दारूबंदीने महसूल बुडतो, अंमलबजावणीवर वर खर्च होतो आणि शिक्षणासारख्या कामांना पैसा उरत नाही, हे एक. दुसरे कारण तर थेट आपल्या विषयाचे आहे. पूर्वी दारू दुकानात बनत होती, त्यामुळे पिणारे बहुतेक पुरुष होते. बंदीनंतर ती घरोघर बनू लागली, तिचा गृहउद्योग झाला आणि बायका-मुलांनाही तिची सवय लागू लागली, असे त्या जाहीरनाम्याचे म्हणणे आहे. दारूचा निषेध स्वतःच्या निश्चयाने करा आणि सरकारच्या बंदीने काय होते तेही डोळे उघडे ठेवून बघा, या दोन गोष्टी बाबासाहेबांच्या विचारात शेजारी शेजारी उभ्या आहेत. आपण एकच उचलतो, कारण दुसरी उचलली की पोलीस ठाण्यापर्यंत जावे लागते.

जाऊया तर मग. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे. त्याप्रमाणे परवान्याशिवाय कोणतेही मद्य बनवणे गुन्हा आहे. 'कोणतेही' या शब्दात पुण्याच्या फ्लॅटमधली बरणी येते आणि पाड्यावरचे मडकेही येते. पण छापा मडक्यावर पडतो. बरणीवर छापा पडल्याची बातमी तुम्ही कधी वाचली आहे काय? मायक्रोब्रुअरीला परवाना मिळतो, पुण्यात २००९ पासून असे बिअरपान चालू आहे, आणि तिथे काचेपलीकडे चकाकणाऱ्या टाक्यांत यीस्ट फेसाळताना ग्राहकांना कौतुकाने दाखवतात. २०२२ च्या जानेवारीत राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकण्याचा निर्णय घेतला. त्याला जोरदार विरोध झाला हा भाग वेगळा. त्या वेळी सरकारकडून युक्तिवाद काय आला? द्राक्ष बागायतदारांचे हित! द्राक्षाचा रस आंबवला की शेतकऱ्याचे हित होते. मोहाचे फूल आंबवले की गुन्हा होतो.

सामानाचेही तेच. छाप्यात काळा गूळ आणि नवसागर जप्त केल्याचे आपण वाचतो. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. नवसागर घातलेली दारू पिण्यालायक असते असे मी म्हणत नाही. पण शहरातला छांदिष्ट 'यीस्टचे पोषण' म्हणून जी पांढरी पूड विकत घेतो ती बहुधा अमोनियम फॉस्फेट असते. दोन्हींतून यीस्टला नत्र मिळते. एक मुद्देमाल, दुसरे पोषण!

यात जातीचा हिशेबही आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांना जन्मतः चोर ठरवले, त्यांना १९५२ साली कागदावर मुक्त केले. पोटापाण्याचे काय, हे कोणी पाहिले नाही. पुण्याच्या कंजारभाट समाजाच्या माथी 'हातभट्टीवाले' हा शिक्का पिढ्यान्पिढ्या बसला तो यातूनच. जमीन नाही, नोकरी नाही, पत नाही. हाताशी गूळ, पाणी आणि हवेतले फुकटचे यीस्ट. त्या समाजातल्या शिकलेल्या पोरांनी हा शिक्का पुसण्यासाठी काय काय सोसले आहे ते विचारा.

बिहारमध्ये २०१६ च्या एप्रिलपासून दारूबंदी आहे. हेतू चांगला होता, मागणी स्त्रियांची होती, हे मान्य करू. परंतु तिथल्या २०१६ च्या कायद्यात अशी तरतूद होती की एखाद्या घरात गूळ किंवा साखर द्राक्षांत मिसळलेली भांडी सापडली तर तिथे दारूच बनते आहे असे गृहीत धरावे. आंबवण्याची क्रियाच संशयित! आणि २०१७ साली या कायद्याखाली पहिली शिक्षा कोणाला झाली? जहानाबादच्या दोन भावांना, मुसहर समाजातल्या मजुरांना, पाच-पाच वर्षे कैद आणि लाख-लाख रुपये दंड. मुसहर म्हणजे कोण, हे आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको. ताडी काढणारा पासी समाज तर एका रात्रीत बेकार झाला. आपल्याकडे १९९३ पासून गडचिरोलीत बंदी आहे, तीही लोकांनी लढून मिळवलेली. शेजारच्या चंद्रपुरात २०१५ साली बंदी आली आणि २०२१ साली उठवण्यात आली. बंदी यावी की उठावी यावर हमरीतुमरीने वाद झाले. बंदीच्या काळात तुरुंगात कोण गेले, कोणत्या समाजाचे, किती बायका, हा हिशेब नीट मांडला गेला पाहिजे.

एक गैरसमज मात्र मुळापासून काढला पाहिजे, कारण त्यावर आपल्या माणसांचे प्राण अवलंबून आहेत. विषारी दारूने माणसे मेली की 'हातभट्टीचे बळी' असा मथळा येतो आणि दोष मडक्यावर जातो. यीस्ट गुळापासून किंवा भातापासून जे मद्य बनवते त्यात मिथेनॉल नगण्य असते. माणसे मारतो तो कारखान्यातून चोरलेला मिथेनॉल. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईच्या मालवणीत शंभराहून अधिक माणसे गेली, ती मिथेनॉलने. २०२२ च्या जुलैत गुजरातेत, जिथे १९६० पासून दारूबंदी आहे, बोटादच्या परिसरात कारखान्यातून चोरून आणलेले मिथेनॉल पाणी घालून विकले गेले आणि चाळीसहून अधिक लोक मेले. मेले ते सगळे गरीब. सडव्याला सात-आठ दिवस लागतात, लाकूड लागते, धूर दिसतो, वास सुटतो. पिंपातल्या मिथेनॉलला यातले काहीच लागत नाही. म्हणून छापे जितके वाढतात तितका विक्रेता मडके सोडून पिंपाकडे वळतो. आपल्या वस्तीतल्या तरुणांना दारू सोडायला सांगताना हेही सांगितले पाहिजे की ज्या दारूला आंबवण लागत नाही ती दारूच नाही, ते कारखान्याचे विष आहे. आणि चौकशीची मागणी करताना मिथेनॉल कोणत्या कारखान्यातून बाहेर पडला, त्याचा साठा कोणी तपासला नाही, इथपर्यंत गेले पाहिजे. चार बायकांना अटक झाली की प्रकरण मिटले, असे होता कामा नये.

राहिला प्रश्न ज्ञानाचा. दारू न पिणाऱ्या समाजालाही आंबवण्याचे ज्ञान नको असते काय? पाव, इडली, आंबील, व्हिनेगर, पेट्रोलमध्ये मिसळायचे इथेनॉल, औषधी कारखान्यांतली कितीतरी द्रव्ये, सगळी याच सूक्ष्म जिवांच्या कष्टावर उभी आहेत. गोव्याचे पोदेर पूर्वापार माडाच्या सुरेने पाव फुगवत आले. आसामच्या दिमासा लोकांच्या जुदिमा या भाताच्या पेयाला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्यांची यीस्टची गोळी एका रानवेलीच्या सालीशिवाय होत नाही. गोव्याच्या काजू फेणीला हे मानांकन २००९ सालीच मिळाले होते. मध्य प्रदेश सरकारने २०२१ च्या नोव्हेंबरात मोहाच्या दारूला 'वारसा मद्य' म्हणून मान्यता देण्याची घोषणा केली आणि ती बनवण्याचे काम आदिवासी बचत गटांकडे ठेवायचे ठरवले. मोहाच्या दारूचे बाटलीबंद कौतुक मला फारसे पटत नाही. परंतु वारसा म्हणायचे ठरलेच तर वारसदार कोण, हे त्या सरकारने निदान कागदावर लिहिले. काल ज्यांना तुरुंगात घातले त्यांच्याच कलेचे उद्या एखाद्या बड्या कंपनीने पेटंट मागितले तर २००२ चा जैवविविधता कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा आपल्या हातात आहेत. मोहफूल गौण वनोपज आहे, त्यावरची मालकी वनहक्क कायद्याने ग्रामसभेला आणि वनवासी जमातींना दिली आहे. हे किती ग्रामसभांना ठाऊक आहे?

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. तिथे यीस्टचे वाण क्रमांक घालून जपून ठेवतात. गडचिरोलीत २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे. त्या विद्यापीठाच्या मुलामुलींनी, ज्यांच्या आज्यांना सडवा कधी झाला हे वासावरून कळत होते, मोहफुलांवरचे, ताडीतले, आंबिलीतले यीस्ट सूक्ष्मदर्शकाखाली धरावे, वेगळे करावे, त्यापासून पाव फुगवून पाहावा, व्हिनेगर करून पाहावे. आणि असा वाण संग्रहात जाईल तेव्हा त्याच्या क्रमांकासमोर तो कोणत्या गावातून, कोणत्या समाजाच्या घरातून आला, ते लिहिले जावे. ही मागणी आपल्या विद्यार्थी संघटनांनी कुलगुरूंपुढे लेखी ठेवावी. या वर्षीचा मोह गळायला लागण्याच्या आत ठेवली तर उत्तम.